स्पोर्टिंग क्लेजसाठी पहिली शॉटगन: आधी माप, मग कंपनी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डॅलसजवळ राहता, ग्रीन कार्ड आहे, ऑफिसमधल्या लोकांबरोबर स्पोर्टिंग क्लेज खेळायला जाता. बंदूक आत्तापर्यंत क्लबातून भाड्याने घेत होता, आता स्वतःची घ्यायची आहे. उंची पाच फूट पाच इंच, वजन 62 किलो, उजव्या हाताने खेळता. शाळेत एनसीसीत पॉइंट टू-टू रायफल चालवलेली. 100 पैकी चाळीसेक क्ले फुटतात, आणि दुसऱ्या दिवशी उजव्या दंडावर काळानिळा डाग येतो, गालही दुखतो. बजेट 2,500 डॉलर. दुकानदार साडेसहा पौंडांची देखणी दुनळी दाखवतोय, सहकारी म्हणतो सेमी-ऑटो घे. पुढेमागे बायकोलाही खेळायचं आहे. तर कोणती घ्यावी?

तुम्ही विचारलंय कंपनी आणि मॉडेल. पण मला तुमच्या प्रश्नातली सगळ्यात महत्त्वाची ओळ दंडावरच्या डागाची वाटते. नीट बसणारी बंदूक दंडाला लागत नाही, ती खांद्याच्या खळग्यात, गळपट्टीच्या हाडाखालच्या मऊ जागेत बसते. डाग दंडावर येतोय याचा अर्थ दस्ता, म्हणजे बंदुकीचा खांद्याला टेकणारा मागचा भाग, तुम्हाला लांब पडतोय. वर आणताना तो काखेत अडकतो आणि तुम्ही नकळत तो बाहेरच्या बाजूला, दंडावर टेकवता. भाड्याच्या बंदुका सरासरी अमेरिकन पुरुषाच्या मापाच्या असतात, आणि दुकानातल्या नव्याही तशाच. म्हणजे याच मापाची नवी, महागडी बंदूक घेतलीत तर डाग तिथेच राहील आणि आकडाही फारसा हलणार नाही.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो की मैदानावर दहा-पंधरा ठाणी असतात, प्रत्येक ठाण्यावर यंत्रांतून 108 मिलिमीटर व्यासाच्या मातीरंगी चकत्या जोडीजोडीने सुटतात. कुठे आडवी जाणारी, कुठे अंगावर येणारी, कुठे सशासारखी जमिनीवरून उड्या मारत पळणारी. काही चकत्या लहान म्हणजे 90 किंवा 60 मिलिमीटरच्याही असतात. पूर्ण फेरी बहुधा 100 चकत्यांची. ट्रॅप आणि स्कीट या क्लेच्याच दुसऱ्या दोन प्रकारांत चकतीची वाट ठरलेली असते, इथे प्रत्येक मैदान वेगळं. त्यामुळे एकाच कोनाला उत्तम असलेली बंदूक इथे कामाची नाही, सगळ्या कोनांना पुरेशी चांगली लागते.

आता माप म्हणजे काय आणि ते एवढं महत्त्वाचं का, हे जरा सविस्तर सांगतो, कारण बाकी सगळे निर्णय याच्यामागून येतात.

रायफलला पुढे माशी असते आणि मागे खाच असते. दोन्ही जुळवून नेम धरता. शॉटगनला मागची खाच नाही. मागची खाच म्हणजे तुमचा डोळा. गाल दस्त्यावर टेकला की डोळा नळीच्या अगदी मागे, मध्यावर आणि ठरावीक उंचीवर यायला हवा, तोही न बघता, दर वेळी. कारण बघायला वेळ नसतो, नजर चकतीवर असते. डोळा एक अष्टमांश इंच खाली-वर किंवा डावी-उजवीकडे सरकला तर 16 यार्डांवर छर्ऱ्यांचा झोत सुमारे 2 इंच सरकतो, 32 यार्डांवर 4 इंच. ढोबळ हिशेब असा की दस्त्यात एक सोळांश इंच बदल म्हणजे 16 यार्डांवर 1 इंच. एकट्या मापातल्या चुकीने चकती हुकत नाही, पण तुमच्या स्विंगमधली (चकतीबरोबर नळी फिरवण्यातली) चूक आणि ही चूक एकाच दिशेला गेल्या की चकती साबूत निघून जाते आणि का गेली ते कळतही नाही.

मापं मुख्यतः चार. चापापासून दस्त्याच्या शेवटापर्यंतची लांबी. गाल टेकतो त्या काठाची उंची, म्हणजे नळीच्या रेषेपासून तो पुढे किती खाली आहे आणि टाचेशी किती खाली आहे. दस्त्याचा बाजूला दिलेला किंचित बाक, उजव्या हाताच्या माणसाला उजवीकडे. आणि दस्त्याच्या मागच्या तोंडाचा तिरपेपणा.

लांबी. स्पोर्टिंगच्या तयार बंदुकांची लांबी साधारण 14½ ते 14¾ इंच असते. पाच फूट पाच इंच उंचीच्या माणसाला बहुतेक वेळा 13¾ ते 14¼ च्या मध्ये कुठेतरी लागते. नेमकी किती, ते मान किती लांब, खांदे किती रुंद, छाती किती भरलेली यावर अवलंबून आहे, म्हणून उंचीवरून मी आकडा ठरवून देणार नाही. टेक्ससच्या उन्हाळ्यात टी-शर्टवर खेळणार की जानेवारीत जाड जॅकेटवर, यानेही पाव इंचाचा फरक पडतो. दुकानात दस्ता कोपराच्या खळग्यात टेकवून बोट चापावर पोचतं का ते बघतात. त्यावर विसंबू नका. त्यातून हाताची लांबी कळते, मानेची आणि खांद्याची कळत नाही. खरी खूण ही: बंदूक व्यवस्थित खांद्यावर घेतल्यावर उजव्या हाताचा अंगठा आणि नाक यांच्यात दोन ते तीन बोटांचं अंतर राहायला हवं. एकच बोट उरलं तर दस्ता आखूड, धक्क्याबरोबर अंगठा नाकावर येईल. चार बोटं उरली तर लांब. भाड्याची बंदूक पुढच्या वेळी हातात घ्याल तेव्हा कुणाला तरी बाजूने फोटो काढायला सांगा.

काठाची उंची. घरी करता येण्यासारखी एक तपासणी आहे. आधी बंदूक उघडून दोन्ही नळ्या रिकाम्या असल्याची खात्री करा, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा, आणि त्या खोलीचं दार लावा. आरशासमोर उभे राहा. आरशातल्या आपल्याच डोळ्याकडे बघा, डोळे मिटा, नेहमीसारखी बंदूक खांद्यावर घ्या, गाल टेकवा आणि मग डोळे उघडा. बुबुळ नळीवरच्या पट्टीच्या बरोबर मध्यावर, पट्टीला जेमतेम टेकून वर बसलेलं दिसलं तर माप जवळपास बरोबर. बुबुळ अर्धं झाकलेलं असेल तर काठ खाली पडतो. अशा बंदुकीवर माणूस चकती बघायला मान उचलतो, गाल सुटतो आणि बार वरून जातो. बुबुळाखाली पट्टीचा बराच भाग दिसत असेल तर काठ उंच. बुबुळ पट्टीच्या डावीकडे राहिलं तर बाक कमी पडतोय, उजव्या हाताच्या माणसाचा बार मग डावीकडे जातो. हे पाच-सहा वेळा करा. दर वेळी वेगळं दिसत असेल तर दोष मापाचा नाही, बंदूक खांद्यावर घेण्याची सवय अजून पक्की झालेली नाही. मग आधी ती पक्की करा, नाहीतर मापं घेण्यात अर्थ नाही.

गाल का दुखतो तेही यातच आहे. बहुतेक दस्त्यांचा काठ पुढे उंच आणि मागे उतरता असतो. धक्क्याने बंदूक मागे येते तेव्हा काठाचा पुढचा, उंच भाग गालाखाली येतो आणि गालाला खालून ठोसा बसतो. दस्ता लांब असेल तर तुम्ही मान पुढे ताणून काठाच्या पुढच्या टोकावर गाल टेकवता, तिथे हा उतार जास्त जाणवतो. काठ समांतर असलेला दस्ता, किंवा काठ वर-खाली सरकवता येणारा दस्ता, हे दुखणं बरंच कमी करतो.

यात रायफलच्या सवयीचा वाटा आहे. एनसीसीत शिकवलेलं असतं: अंग आडवं, मान झुकवून गाल घट्ट दाबा, एक डोळा मिटा, माशी बघा, श्वास रोखा, चाप हळू दाबा. रायफलला ते सगळं बरोबर आहे. इथे यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट उलट करावी लागते. अंग चकती फुटण्याच्या जागेकडे वळलेलं, वजन पुढच्या पायावर, मान सरळ, बंदूक गालाकडे येते, गाल बंदुकीकडे जात नाही. माशीकडे बघितलंत त्या क्षणी नळी थांबते आणि बार चकतीच्या मागे पडतो. तुमच्या आडव्या चकत्या हुकत असतील तर पहिला संशय याचाच घ्या.

दोन्ही डोळे उघडे ठेवायचे, पण त्याआधी प्रबळ डोळा कुठला ते तपासा. हात लांब करून दोन्ही तळव्यांच्या मध्ये छोटी फट करा, त्यातून दूरची एखादी वस्तू दोन्ही डोळ्यांनी बघा, आणि डोळे आळीपाळीने मिटा. ज्या डोळ्याने वस्तू फटीत राहते तो प्रबळ. उजव्या हाताच्या माणसाचा डावा डोळा प्रबळ असणं अजिबात दुर्मीळ नाही. तसं निघालं तर चष्म्याच्या डाव्या काचेवर बुबुळासमोर छोटा धूसर टेपचा ठिपका लावून बघा, किंवा डाव्या खांद्यावरून खेळायला शिका. दुसरा पर्याय ठरला तर बंदूक डाव्या हाताची घ्यावी लागेल, म्हणून हे खरेदीच्या आधी कळायला हवं.

हे सगळं झाल्यावर शेवटची खात्री कागदावर. 16 यार्डांवर मोठा कागद लावा, मध्ये काळा ठिपका काढा, घट्ट चोक (नळीच्या तोंडाशी बसणारा निमुळता तुकडा) लावा. खाली धरलेली बंदूक वर आणा, ठिपक्याकडे बघून लगेच बार टाका. नेम धरायचा नाही, माशी बघायची नाही. त्याच कागदावर पाच-सहा बार. भोकांचा दाट भाग ठिपक्यापासून किती इंच आणि कोणत्या दिशेला सरकलाय ते मोजा, आणि वरचा हिशेब लावा. स्पोर्टिंगला दाट भाग ठिपक्यावर किंवा किंचित वर असणं उत्तम.

आता दुनळी की सेमी-ऑटो. इथे दुनळी म्हणजे एकावर एक नळी असलेली, शेजारीशेजारी नळ्यांची नाही. सेमी-ऑटो म्हणजे एका नळीची, बार उडाल्यावर पुढचं काडतूस आपोआप भरणारी.

एकावर एक दुनळीचे फायदे खरे आहेत. दोन नळ्यांना दोन वेगळे चोक लावता येतात. उघडली की लांबूनही दिसतं की रिकामी आहे. रिकामी टरफलं जमिनीवर उडत नाहीत, ती गोळा करून पुन्हा भरणाऱ्यांना हे सोयीचं. बिघडण्यासारखे भाग कमी, आणि चांगली बंदूक लाखाच्या घरात बार सोसते. ब्राउनिंग सिटोरी आणि बेरेटा 686 या दोन घराण्यांच्या स्पोर्टिंग बंदुका पिढ्यानपिढ्या वापरात आहेत, सुटे भाग आणि दुरुस्त करणारे दोन्ही मिळतात. पेराझी, क्रीगहॉफ, ब्लेझर यांचा वर्ग वेगळा, त्यांचा विचार आत्ता करू नका.

गॅसवर चालणारी सेमी-ऑटो धक्का कमी जाणवू देते. एकूण जोर कमी होत नाही, पण तो थोड्या जास्त वेळात पसरतो, त्यामुळे ठोशाऐवजी ढकलल्यासारखं वाटतं. तुमच्या 62 किलोला आणि शंभर बारांच्या फेरीला हा मोठा फरक आहे. दुसरा, कमी बोलला जाणारा फायदा मापाचा. बऱ्याच सेमी-ऑटोंबरोबर दस्ता आणि पेटी (चापावरचा, यंत्रणेचा धातूचा भाग) यांच्यामध्ये घालायचे पातळ तुकडे, म्हणजे शिम, मिळतात. ते बदलून काठाची उंची आणि बाक दोन्ही घरच्या घरी बदलता येतात, पैसे न देता. मागच्या रबराखाली जाड-पातळ पट्ट्या घालून लांबीही बदलते. दुनळीला हेच करायला बंदुकीचा कारागीर लागतो.

तोटेही आहेत. दर 300 ते 500 बारांनंतर पिस्टन आणि गॅसची भोकं साफ करावी लागतात. अडकली तर कारणं बहुधा हीच: पिस्टनवर कार्बनचा थर, नळकांड्यावर जास्त तेल ज्यात जळकी भुकटी चिकटून लापशी होते, स्वस्त काडतुसांचा लोखंडी तळ जो उडाल्यावर फुगून चेंबरमध्ये (नळीत काडतूस बसतं त्या जागेत) घट्ट बसतो, किंवा फार हलका भार. तेल भरपूर घालणं ही नवशिक्यांची नेहमीची चूक, त्या नळकांड्याला फक्त पुसट हात पुरतो. इनर्शियावर, म्हणजे गॅसऐवजी धक्क्याच्या जोरावर, चालणाऱ्या सेमी-ऑटो स्वच्छ राहतात, पण धक्का जास्त देतात आणि हलक्या भाराबरोबर अडखळतात. तुमच्यासाठी मी त्या बाजूला ठेवीन.

पंप बंदूक स्वस्त आहे, पण जोडीतल्या दुसऱ्या चकतीसाठी हात हलवावा लागतो. इथे नको.

आता दुकानदाराची साडेसहा पौंडांची दुनळी. ती वाईट बंदूक नाही, दिवसभर शेताशेतातून चालून पक्षी मारणाऱ्या माणसासाठी बनवलेली आहे. तो दिवसाला चार-पाच बार टाकतो आणि आठ तास बंदूक वाहतो. तुम्ही शंभर बार टाकणार आणि ठाण्यापर्यंत बंदूक गाडीत किंवा ढकलगाडीत ठेवणार. धक्क्याचा हिशेब बघा. 8 पौंडांच्या दुनळीतून 1 औंस छर्रे सेकंदाला 1,200 फुटांच्या वेगाने निघाले तर मागे येणारी ऊर्जा साधारण 14 फूट-पौंड भरते. तेच काडतूस साडेसहा पौंडांच्या बंदुकीत सुमारे साडेसतरा. आणि 8 पौंडांतच 1 औंसाऐवजी 1⅛ औंस भरलेत तरी तेवढंच, म्हणजे जवळजवळ पावपट जास्त. दीड पौंड लोखंड कमी करणं म्हणजे दर बाराला जड काडतूस टाकण्यासारखं. त्यात हलकी नळी झटकन सुरू होते आणि तितकीच झटकन थांबते. आडव्या चकतीला नळी सुरू होण्यापेक्षा न थांबणं महत्त्वाचं असतं.

म्हणून वजन: दुनळी असेल तर 7¾ ते 8½ पौंड, सेमी-ऑटो 7¼ ते 8. याहून जड बंदूक अंगाने भक्कम माणसाला चालते, पण तुमचे हात साठाव्या चकतीनंतर थकतील आणि नळी खाली लोंबायला लागेल. वजन कुठे आहे हेही बघा. दुनळी बिजागराच्या खिळ्याखाली बोट धरून तोलली की जवळपास सरळ राहावी, किंवा नळीकडे किंचित झुकावी.

नळीची लांबी: दुनळीला 30 इंच. तुमच्यापेक्षा उंच माणसाला मी 32 सांगितलं असतं. सेमी-ऑटोला 28 किंवा 30, कारण तिची पेटीच तीन-साडेतीन इंच जास्त लांब असते, त्यामुळे 28 ची सेमी-ऑटो हातात 31 च्या दुनळीएवढी लागते. लांब नळीतून छर्रे जास्त वेगाने जातात हा समज सोडून द्या. फरक नगण्य आहे, लांबीचा उपयोग स्विंग स्थिर राहण्यासाठी.

चेंबर 2¾ किंवा 3 इंच. साडेतीन इंच चेंबरची सेमी-ऑटो बदकांच्या शिकारीसाठी असते, तिला हलकी क्ले काडतुसं पुष्कळदा पचत नाहीत. रंगीबेरंगी झाडापानांच्या छपाईची स्वस्तात मिळाली म्हणून घेऊ नका.

नळीवरची पट्टी, माशीचा रंग, पेटीवरचं कोरीवकाम, लाकडाची प्रत: यातलं काहीही चकती फोडत नाही.

चोकवर लोक गरजेपेक्षा जास्त डोकं घालवतात. चोक म्हणजे नळीच्या तोंडाशी असलेला किंचित निमुळतेपणा. स्कीट सुमारे 5 हजारांश इंच, इम्प्रूव्हड सिलिंडर 10, लाइट मॉडिफाइड 15, मॉडिफाइड 20, फुल 35 ते 40. बहुतेक मैदानांवरच्या चकत्या 20 ते 35 यार्डांत फुटतात. दुनळीला खाली इम्प्रूव्हड सिलिंडर आणि वर लाइट मॉडिफाइड, सेमी-ऑटोला नुसता इम्प्रूव्हड सिलिंडर किंवा लाइट मॉडिफाइड लावा आणि पुढचे काही महिने हात लावू नका. एकच गोष्ट सांभाळा: बार उडताना चोक हळूहळू सैल होतो. दर ठाण्यानंतर, बंदूक उघडून रिकामी केल्यावर, बोटाने फिरवून घट्ट आहे ना ते बघा. सैल चोकच्या कडेला छर्रे आपटले तर चोक आणि नळीचं तोंड दोन्ही फाटतं. महिन्यातून एकदा काढून आटे पुसा आणि ग्रीस लावा, नाहीतर तो कायमचा अडकतो.

काडतुसं 12 गेजची (गेज म्हणजे नळीच्या रुंदीचं माप, आकडा मोठा तितकी नळी बारीक), 1 औंस, 8 किंवा साडेसात नंबर (नंबर मोठा तितका छर्रा बारीक), सेकंदाला 1,150 ते 1,200 फूट. 8 नंबरचे 1 औंसात साधारण 410 छर्रे असतात, साडेसातचे 350. पस्तीस यार्डांपर्यंत 8 नंबर पुरतो. अमेरिकेत या खेळाचे नियम ठरवणारी एनएससीए, जिचं मुख्यालय तुमच्याच राज्यात सॅन अँटोनिओला आहे, नोंदणीकृत स्पर्धांत 1⅛ औंस भार आणि साडेसात नंबरचा छर्रा (याहून जाड नाही) ही कमाल मर्यादा ठेवते. ब्रिटनमध्ये खेळणाऱ्यांना सीपीएसए या तिथल्या संघटनेच्या नियमाने 28 ग्रॅम, म्हणजे जवळपास 1 औंसच. 1⅛ औंस घेऊ नका. जास्तीच्या छर्ऱ्यांनी फुटतील त्यापेक्षा धक्क्याला घाबरून तुम्ही जास्त चकत्या हुकवाल. चाप दाबायच्या आधी डोळा मिटायला लागला, किंवा बंदूक न भरलेली असताना चाप दाबल्यावर नळी खाली झटकली, की समजा धक्का अंगात मुरलाय. मग ⅞ औंसावर उतरा. लाज वाटण्यासारखं त्यात काही नाही.

पैशांचा हिशेब. 2,500 सगळे बंदुकीत घालू नका. शंभरच्या एका फेरीला काडतुसांची 4 खोकी लागतात, शिवाय मैदानाची फी. महिन्यात दोन फेऱ्या खेळलात तर वर्षात काडतुसांवरच हजाराच्या आसपास जातील. कानाचं संरक्षण आणि चकत्यांच्या तुकड्यांपासून वाचवणारा चष्मा यात तडजोड नाही. एनएससीए प्रमाणित प्रशिक्षकाचे तीन-चार धडे, आणि माप बसवण्यासाठी कारागिराला द्यायचे काही शे डॉलर बाजूला ठेवा. बंदुकीला मग सतराशे-अठराशे उरतात.

त्या रकमेत तुम्हाला माझा सल्ला: गॅसवरची 12 गेज सेमी-ऑटो, स्पोर्टिंग मॉडेल, 28 किंवा 30 इंच नळी, 3 इंच चेंबर, शिमच्या संचासह, आणि दस्ता 14 इंचांपर्यंत आणता येतोय ना हे विचारून. बेरेटाच्या ए 300 घराण्यात असा पर्याय आहे. दुनळीच हवी असेल तर नवी स्वस्त घेण्यापेक्षा वापरलेली चांगली घ्या. हजाराच्या आतल्या नव्या दुनळ्या शिकारीच्या वर्षाला दोन-चार खोक्यांच्या हिशेबाने ठीक असतात. इथे दोन-तीन हजार बार वर्षाला होतात, तेव्हा स्प्रिंगा आणि टरफल फेकणारे इजेक्टर आधी दगा देतात.

वापरलेली दुनळी बघताना पुढचा लाकडी भाग काढा, नळ्या बंद करून हलवा. खुळखुळ जाणवली तर सोडा. नळ्या आणि पेटी यांच्या सांध्यातून उजेड दिसता कामा नये. वरचा खटका नव्या बंदुकीत मध्यापासून किंचित उजवीकडे बंद होतो, घासत घासत तो मध्याकडे येतो. मध्य ओलांडून डावीकडे गेला असेल तर बिजागर घासलंय, दुरुस्तीचा खर्च धरा. नळ्या वेगळ्या काढून खालच्या आकड्याने टांगा आणि लाकडाने हलका टोला द्या. घंटेसारखा लांब नाद आला तर पट्टीचा सांधा पक्का आहे, फुटक्या भांड्यासारखा आवाज आला तर कुठेतरी सुटलाय. उजेडाकडे धरून आतून बघा, उजेडाचं वर्तुळ कुठे चेपलेलं दिसलं तर तिथे पोचा आहे. चोक दोन्ही हाताने फिरतात का ते बघा. नकली काडतुसं घालून दोन्ही नळ्यांचे इजेक्टर एकाच वेळी फेकतात का तपासा. आणि दस्ता पेटीला मिळतो तिथे, वरच्या पट्टीच्या मागे, केसासारखी चीर आहे का ती भिंगाने शोधा. ही चीर वरून तेल-पॉलिश केलं की दिसत नाही, आणि धक्क्याबरोबर वाढत जाते. दस्ता कापून आखूड करून घेतलात तर कापलेला तुकडा कारागिराकडून मागून घ्या. विकताना उंच माणूस गिऱ्हाईक आला तर तो लागतो.

कायद्याचं. तुमचं ग्रीन कार्ड आहे, त्यामुळे परवानाधारक दुकानातून फॉर्म 4473 भरून, पार्श्वभूमीची तपासणी होऊन बंदूक घेता येते. पण हे वाचणाऱ्यांत एच-1बी, एल-1, एफ-1 वर असलेले बरेच असतील. त्यांना केंद्रीय कायद्याने बंदूक आणि काडतुसं बाळगायला सर्वसाधारण मनाई आहे. अपवाद थोडे आहेत, त्यांतला नेहमी वापरला जाणारा म्हणजे राज्याचा चालू शिकार परवाना. मुदत संपलेला चालत नाही. मैदानावर मित्राची बंदूक हातात घेणंही बाळगण्यात धरलं जाऊ शकतं, आणि व्हिसावर असताना हा धोका पत्करण्यासारखा नाही. वकिलाला विचारूनच पाऊल टाका. राज्याराज्यांत आणखी अटी आहेत, न्यू जर्सीत खरेदीचं ओळखपत्र आणि इलिनॉयमध्ये एफओआयडी कार्ड आधी काढावं लागतं. ब्रिटनमध्ये पोलिसांकडून शॉटगन सर्टिफिकेट लागतं. आणि भारतात परतताना बंदूक सामानात नेता येईल असं कुणी गृहीत धरू नका. तिथे शस्त्र कायदा 1959 लागू आहे.

राहिला प्रश्न बायकोचा. एकच बंदूक दोघांना बसवायची तर सेमी-ऑटो बरी, पण ठाण्याठाण्याला शिम बदलत बसता येत नाही. त्या नियमित खेळायला लागल्या की त्यांना त्यांच्या मापाची वेगळी घ्या. बायकांच्या मापाच्या बंदुका आता बनतात, सायरन हा ब्रँड तर खास त्यासाठीच आहे. फक्त 'बाई आहे, 20 गेज द्या' या दुकानी सल्ल्याला भुलू नका. हलक्या 20 गेजमधून ⅞ औंस टाकण्यापेक्षा जड 12 गेजमधून तोच ⅞ औंस खांद्याला सोपा जातो. उचलायला आणि स्विंग करायला वजन झेपत नसेल तरच 20 गेज.

आणि घरात 12 आणि 20 दोन्ही आले तर पिशव्या वेगळ्या ठेवा, एका जॅकेटच्या खिशात दोन्ही कधीही नकोत. 20 चं काडतूस 12 च्या नळीत टाकलं तर खाली पडत नाही, ते चेंबरच्या पुढे जाऊन नळी जिथे निमुळती होते तिथे अडकतं. वरून बघितलं तर चेंबर रिकामं दिसतं. माणसाला वाटतं भरायचं राहिलं, तो मागून 12 चं काडतूस घालतो आणि बार टाकतो. नळी डाव्या हाताच्या पकडीपाशीच फुटते. 20 ची टरफलं पिवळी ठेवतात ती याच कारणाने. चाप दाबल्यावर नुसता टक् आवाज आला तर नळी सुरक्षित दिशेला ठेवून तीस सेकंद थांबा, उघडा, आणि दोन्ही नळ्यांतून आरपार उजेड दिसेपर्यंत दुसरं काडतूस हातात घेऊ नका.